एकोणचाळीस सह्या

माझ्या मावशीला तिची शाळा आवडत नव्हती आणि शाळेलाही ती नको होती. हे दोघींपैकी कोणीच कधी लपवलं नाही. तरी मावशी पाच वर्षं रोज वेळेवर शाळेत गेली, आणि शाळेला पाच वर्षं रोज तिची हजेरी लावावी लागली.

शाळा शहरातली सगळ्यात जुनी. एका कापड व्यापाऱ्याने ती सुरू केली, कारण त्याच्या दुकानातल्या कारकुनांना धड पत्र लिहिता येत नव्हतं. गोदामाच्या माडीवर अकरा मुलं आणि एक मास्तर, आणि विषय एकच, व्याकरण. पुढे गोदाम जळालं, मग दगडी इमारत झाली. लढाईच्या काळात वर्गांमध्ये जखमी शिपाई झोपवले होते आणि मुलं मैदानात तंबूत शिकत होती. पण व्याकरणाचा तास एक दिवसही चुकला नाही, असं शाळा अजून छाती फुगवून सांगते. लोक तिला व्याकरणशाळाच म्हणतात.

मावशी तिथे गेली तेव्हा शाळेने शंभरी ओलांडली होती आणि त्या शंभर वर्षांत एकही मुलगी आत आली नव्हती. पुढचं फाटक फक्त वरच्या दोन वर्गांसाठी, बाकीच्यांनी बाजूच्या बोळातून यायचं. कोट अडकवायच्या खुंट्यांना आकडे. लांबच लांब व्हरांड्यात पहिल्या आलेल्या मुलांच्या नावांच्या पाट्या. नव्या मुलाला जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभं करून एका दमात सगळ्या विभक्ती म्हणायला लावायचे. अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. कितीतरी मोठमोठे लोक त्या पायरीवर रडलेले आहेत आणि पुढे जन्मभर त्याचा अभिमान सांगत फिरलेले आहेत.

माझे आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, कुलपं दुरुस्त करायचे. शाळेची सगळी कुलपं त्यांच्याकडे असायची. ग्रंथालयाचं दार अडकलं की त्यांना बोलावणं यायचं. दार उघडलं की ते दहा मिनिटं उगाच आत रेंगाळायचे. घरी दोन मुली. थोरली, माझी मावशी, कुलपाच्या जुन्या पावत्यासुद्धा वाचून काढायची. प्रवेशपरीक्षेचा फॉर्म आजोबांनी तिच्यासाठी भरला. फॉर्मवर मुलगा की मुलगी असा रकानाच नव्हता, कारण तशी वेळ कधी आली नव्हती. नावाच्या जागी आद्याक्षरं चालायची. परीक्षेला नंबर होते, नावं नव्हती. दोनशे दहा मुलांत मावशी सातवी आली.

प्रवेशाच्या दिवशी कार्यालयात एकच गोंधळ उडाला. मुख्याध्यापक आजोबांना म्हणाले, "तुम्ही आम्हाला फसवलंत."

"तुम्ही विचारलंच नाही," आजोबा म्हणाले. "मी काय म्हणून सांगू?"

तातडीने संचालकांची सभा भरली. शाळेच्या घटनेत लिहिलं होतं, 'जो विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होईल, त्याला प्रवेश देण्यात येईल.' संचालकांनी 'जो' आणि 'त्याला' या दोन शब्दांवर बोट ठेवलं. शब्द पुल्लिंगी आहेत, प्रश्न मिटला. मग सवयीने त्यांनी व्याकरणाच्या मास्तरांचं मत विचारलं, आणि तिथेच फसले. हे मास्तर म्हणजे उंच, वाकलेले, कोणाशीही सरळ न बोलणारे गृहस्थ.

"हे सामान्य पुल्लिंग आहे," मास्तर म्हणाले. "'जो कायदा मोडेल त्याला शिक्षा होईल', हे वाचून तुम्ही बायकांना तुरुंगातून सोडता का?"

"पण मास्तर, तुम्हाला चालेल का वर्गात मुलगी?"

"मला मुळीच नको आहे. पण चुकीचं व्याकरण मला त्याहून नको आहे."

अशी मावशी आत गेली. मास्तरांनी पहिल्याच तासाला तिच्याकडे न बघता वर्गाला सांगितलं, "आजवर तुम्ही नियम शिकलात. आता हा अपवाद." त्या दिवसापासून तिचं नाव अपवाद पडलं. पाच वर्षांत तिथे दुसऱ्या नावाने तिला कोणी ओळखलं नाही.

तिसऱ्या दिवशी वर्गाने सभा घेतली. त्या शाळेत प्रत्येक वर्गाची एक ठराववही असायची. खेळाच्या पाळ्या, वर्गाच्या खिडक्या कोणी पुसायच्या, असले ठराव त्यात. वर्गाचा मॉनिटर हुशार, नीटनेटका, वकिलाचा मुलगा. त्याने ठराव लिहिला: 'अपवादाशी कोणीही बोलू नये, तिच्या प्रश्नाला उत्तर देऊ नये, तिच्याकडून काही घेऊ वा तिला काही देऊ नये. मुदत: तिने शाळा सोडेपर्यंत.' वर्गात चाळीस मुलं होती, एक वजा जाता एकोणचाळीस. एकोणचाळीस सह्या झाल्या. वर्गशिक्षकांनी वाचून खाली 'पाहिले' असं लिहिलं.

आणि त्यांनी तो पाळला. मुलं भांडतात, विसरतात, चार दिवसांनी कंटाळतात, असं आपण समजतो. ही मुलं विसरली नाहीत. बाकावर तिच्या शेजारची जागा पाच वर्षं रिकामी राहिली. खोडरबर खाली पडलं तर ते पायाने सरकवायचे, हाताने नाही. ती व्हरांड्यातून चालली की बोलणं थांबायचं आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू व्हायचं.

शाळेत मुलींसाठी संडास नव्हता, आणि एकीसाठी तो बांधायचा नाही असं ठरलं होतं. समोर एका दंतवैद्याचा दवाखाना होता, वर घर. त्यांच्या बायकोने मावशीला घरात यायची परवानगी दिली. मधली सुटी दहा मिनिटांची. रस्ता ओलांडून, जिना चढून, परत येईपर्यंत कधी अकरा मिनिटं व्हायची. अकराव्या मिनिटाला येणाऱ्याने तास संपेपर्यंत दाराशी उभं राहायचं, असा नियम. मग मावशीने दुपारपर्यंत पाणी पिणंच सोडलं. तिचा आयुष्यभराचा मूत्रपिंडाचा त्रास तिथूनच सुरू झाला, असं माझी आई म्हणते.

तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षा होती. दोघांच्या जोड्या, एकाने वाक्य द्यायचं, दुसऱ्याने ते सोडवायचं. तिला जोडीदार नव्हता. मास्तर म्हणाले, "तुझी तूच." ती फळ्याच्या डाव्या बाजूला उभी राहून प्रश्न विचारायची आणि उजव्या बाजूला येऊन उत्तर द्यायची. वीस प्रश्न. आधी एकजण हसला, मग सगळा वर्ग. मास्तरांनी वर्गाला गप्प केलं नाही. शेवटी म्हणाले, "उत्तरं सगळी बरोबर. प्रश्न विचारायची पद्धत उद्धट आहे." पूर्ण गुण दिले.

चौथ्या वर्षी तिच्या दप्तरात कोणीतरी गोंद ओतला. वर्षभराच्या वह्या एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली. तिने रीतसर तक्रार लिहिली. मुख्याध्यापकांचा शेरा आला: 'विद्यार्थिनीने दुसऱ्या शाळेचा विचार करावा.' त्या संध्याकाळी आजोबांनी तिला विचारलं, "निघायचंय?"

"नाही."

"मग काय हवंय?"

"कुलूप."

आजोबांनी दप्तराला पितळी कडी आणि छोटं कुलूप बसवून दिलं. आठ दिवसांत त्याच्या भोकात मेण भरलेलं होतं. आजोबांनी ते साफ केलं. पुन्हा भरलं. वर्ष संपेपर्यंत हे चाललं. दरम्यान शाळेने कुलपांचं काम दुसऱ्या माणसाला दिलं. माझी आई तेव्हा आठ वर्षांची होती. ती अजूनही म्हणते, "हिच्या शाळेपायी बाबांचं काम गेलं. एक मुलगी शिकली आणि सगळ्या घराने फी भरली." दोघी बहिणींमध्ये हे शल्य कायमचं राहिलं. आई चूक होती असं मला म्हणवत नाही.

सोळाव्या वर्षी मावशी शाळेतून बाहेर पडली. व्याकरणाचं पदक तिला मिळालं होतं. ते सभागृहात दिलं नाही, कार्यालयाच्या खिडकीतून दिलं, पावतीवर सही घेऊन.

पुढे ती छापखान्यात लागली. मुद्रितशोधक, म्हणजे छपाईआधी प्रूफं तपासणारी. अडतीस वर्षं तिने तेच काम केलं. मी तिच्याकडे वाचक म्हणून लागले तेव्हा ती पन्नाशीला आली होती. वाचकाचं काम सोपं: समोर बसून मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हासकट. ती प्रुफावर पेन्सिल फिरवत ऐकायची आणि प्रत्येक वाक्य संपलं की म्हणायची, "पुढे." दिवसाला हजारभर वेळा. आमच्यात मावशी-भाचीचं बोलणं कामाच्या वेळेत अजिबात व्हायचं नाही. चुकून "मावशी, चहा?" म्हटलं तर ती म्हणायची, "हे मूळ प्रतीत आहे का?"

तिला माणसं घाबरायची. लेखक तर तिच्या टेबलाजवळ यायचेच नाहीत. छापखान्याचा एक नियम होता, थोरल्या मालकांनी केलेला, आणि तो प्रत्येक शंकापत्रावर, म्हणजे लेखकाला प्रुफातल्या शंका विचारायच्या कागदावर, छापलेला असायचा: 'शंकेला लेखी उत्तर आल्याशिवाय पान मशीनवर चढणार नाही.' मावशीचा त्या नियमावर फार जीव.

ती सत्तावन्न वर्षांची असताना व्याकरणशाळेला दीडशे वर्षं झाली. माजी विद्यार्थी संघाने शाळेचा इतिहास छापायला घेतला आणि तो आमच्याकडे आला. मालकांना ती शाळा तिची आहे हे माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. मी विचारलं, "दुसऱ्या कोणाला देऊया का?"

"का? मला अक्षरं दिसत नाहीत?"

पहिली सहा प्रकरणं निमूट झाली. कापड व्यापारी, आग, लढाई. सातव्या प्रकरणात मी वाचत गेले: "मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत शाळा काळाच्या पुढे होती पूर्णविराम. शाळेने आपणहून पहिल्या विद्यार्थिनीला प्रवेश दिला पूर्णविराम. वर्गाने तिचे मनापासून स्वागत केले आणि थोड्याच दिवसांत ती साऱ्यांच्या गळ्यातला ताईत बनली पूर्णविराम."

समोरून "पुढे" आलं नाही. मी वर पाहिलं. पेन्सिल कागदावर टेकलेली होती आणि हलत नव्हती.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. तिने शंकापत्र ओढलं आणि लिहिलं. शंका १४: 'आपणहून' — आधार द्यावा. शंका १५: 'स्वागत' — कोणी, कधी, कसे? शंका १६: 'साऱ्यांच्या गळ्यातला' — किमान एका गळ्याचे नाव द्यावे. मग म्हणाली, "पुढे."

आठ दिवसांनी उत्तरं आली. सुरेख वळणदार अक्षर, हिरवी शाई. चौदा ते सोळा तिन्हींना मिळून एकच उत्तर: 'ही गोष्ट सर्वश्रुत आहे.' खाली संघाच्या अध्यक्षांची सही.

मावशीने सही बराच वेळ पाहिली. "मॉनिटर," ती म्हणाली.

दुसऱ्या प्रुफावर तिने लिहिलं: 'सर्वश्रुत असल्यास ऐकणाऱ्यांपैकी एकाची साक्ष जोडावी.' उत्तर आलं: 'मी स्वतः त्या वर्गात होतो. एवढी साक्ष पुरेशी आहे. मुद्रितशोधकाने शुद्धलेखनापुरते पाहावे.' तिसऱ्या प्रुफावर तिने लिहिलं: 'आपण वर्गात होता हे मान्य. त्या विद्यार्थिनीशी आपण बोललेले एक वाक्य द्यावे. कोणतेही चालेल.'

याला लेखी उत्तर आलं नाही. मॉनिटर स्वतः आला.

साठीच्या घरातला, उंची कोट घातलेला, सावकाश बोलणारा माणूस. समारंभ तीन आठवड्यांवर आला होता. तो आमच्या टेबलासमोर उभा राहिला आणि बोलू लागला. अशा अडेलतट्टूपणाने काम कसं होणार, छापखान्याच्या नोकरांनी लेखकांना सवाल करायची ही कुठली पद्धत, शाळेची परंपरा काय, तिची प्रतिष्ठा काय. मावशी ऐकत राहिली. तिने त्याला बसा म्हटलं नाही. त्याने तिला ओळखलंच नव्हतं. ओळखणार तरी कसा, पाच वर्षांत त्याने तिच्या तोंडाकडे कधी पाहिलं होतं?

शेवटी तो म्हणाला, "बाई, मी तुमच्याशी बोलतोय."

"बोला," मावशी म्हणाली. "ठरावाची मुदत मी शाळा सोडेपर्यंतच होती."

मग मीच उठून त्याला खुर्ची दिली. माणूस पडेल अशी मला भीती वाटली. मावशीने माझ्याकडे रागाने पाहिलं.

"तुम्ही... ती अपवाद?"

"हो."

तो जरा सावरला. म्हणाला, "आम्ही अकरा वर्षांची पोरं होतो हो."

"मीही अकराचीच होते."

"पोरकटपणा होता तो."

"पहिल्या वर्षी असेल. पाचव्या वर्षी तुम्ही सोळाचे होता."

आता त्याचा आवाज चढला. "म्हणजे इतक्या वर्षांनी तुम्ही सूड घेताय. शंकापत्राच्या आडून."

"सूड घ्यायचा असता तर प्रस्तावनेत तुमच्या आडनावात चूक होती, ती मी तशीच राहू दिली असती. पान चार, ओळ दोन. बघा, दुरुस्त केली आहे."

त्याने ते पान पाहिलंही नाही. तो म्हणाला, हवं तर तुमचा फोटो घालू, पूर्ण पान देऊ, वर्गातला. मावशी म्हणाली, "वर्गाचा फोटो काढला त्या दिवशी मला कार्यालयात बसवून ठेवलं होतं. त्या शाळेतला माझा एकही फोटो नाही."

तो उठला आणि थेट मालकांच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने मालक बाहेर आले. भला माणूस, पण भांडण म्हटलं की ते खोलीचं दार लावून घ्यायचे. ते म्हणाले, "ताई, सोडून द्या ना. एक वाक्य आहे."

"सोडते. तुम्ही शंकापत्रावर तसं लिहून सही करा."

"मला यात ओढू नका."

"मग पान चढणार नाही. नियम तुमच्या वडिलांचा आहे."

शंकापत्राची एक प्रत ज्या संस्थेचं काम असेल तिच्याकडे जायची. म्हणजे शाळेकडे. तिथल्या मुख्याध्यापिकेने आतापर्यंत ती कपाटात टाकून ठेवली होती. छपाई अडली तेव्हा तिने ती काढून वाचली, आणि मग जे कोणी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. शिपायाला तळघरात पाठवून त्या वर्षाच्या वर्गाची ठराववही मागवली.

दोन दिवसांनी तिने मॉनिटरला आणि मावशीला शाळेत बोलावलं. मी मावशीबरोबर गेले. एकेचाळीस वर्षांनी ती तिथे जात होती. पुढचं फाटक उघडं होतं आणि त्यातून लहान मुलं-मुली धावत बाहेर येत होती. मावशी तिथे थांबली नाही. वळून बाजूच्या बोळातून आत गेली; वरच्या दोन वर्गांत पोचल्यावरही तिला फाटकातून सोडलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, इकडून ये की." ती म्हणाली, "मला हाच रस्ता माहीत आहे."

मुख्याध्यापिका पंचेचाळीसची असेल, घाईतली, कपाळाला आठ्या. ती आमच्यावर खूश नव्हती आणि मॉनिटरवरही नव्हती. टेबलावर ठराववही उघडी होती. पिवळं पान, आणि त्यावर लहान मुलांच्या अक्षरातल्या सह्या, काही लपेटदार, मोठ्या माणसांची नक्कल केलेल्या. पहिली सही तेव्हाही तितकीच वळणदार होती.

"समारंभाला अठराच दिवस राहिलेत," मुख्याध्यापिका म्हणाली. मग मावशीला विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"वाक्य खरं हवंय."

"एवढंच?"

"मी प्रूफं तपासते. इतिहास लिहीत नाही."

मॉनिटर म्हणाला, "सगळा परिच्छेदच काढून टाकू. विषय संपला."

"मग शाळेत मुली कधी आल्या हे पुस्तकात कुठेच येणार नाही," मुख्याध्यापिका म्हणाली. "माझ्या शाळेत आज अर्ध्या मुली आहेत. त्या मला विचारतील. नाही, ठराव आहे तसा छापायचा."

त्याचा चेहरा उतरला. त्यांच्यापैकी चौघे आता नाहीत, एक न्यायाधीश आहे, एक अंथरुणाला खिळलाय, असं तो सांगत राहिला. नावं छापू नका, फक्त ठराव छापा. मुख्याध्यापिकेला ते पटलं. मावशीला नाही.

"सह्यांशिवाय ठराव म्हणजे कर्त्याशिवाय वाक्य," ती म्हणाली. "कोणी केला ते नको का कळायला? वाऱ्याने केला?"

तासभर घासाघीस झाली. कोणाचाही आवाज चढला नाही. शेवटी मॉनिटरने समोरच्या कागदावर लिहिलं: 'दुर्दैवाने, वर्गातील एकोणचाळीस मुलांनी तिच्याशी न बोलण्याचा ठराव केला व तो पाच वर्षे पाळला.' कागद मावशीकडे सरकवला. बोटाने नाही, पेनाने.

मावशीने 'दुर्दैवाने' खोडलं. "दैवाचा काही संबंध नव्हता," ती म्हणाली. "सह्या होत्या."

"नावं?" मुख्याध्यापिकेने विचारलं.

मावशीने ठराववही मिटली. "राहू द्या. आकडा आला आहे." हे तिला आवडलं नव्हतं, मला दिसत होतं. पण ती तेवढ्यावर थांबली. मॉनिटर निघाला. जाताना दाराशी आमची गाठ पडली तेव्हा त्याने मला "येतो" म्हटलं. मावशीला नाही.

पुस्तक वेळेवर छापून झालं, 'आपणहून' हा शब्द वगळून. समारंभाला मॉनिटर गेला नाही. तब्येतीचं कारण कळवलं. मावशीला बोलावणं होतं, ती त्या दिवशी कामावर आली. नंतर छापखान्यात तिच्या नावाने एक निनावी पत्र आलं. 'मेलेल्यांची तरी लाज बाळगायची' असं त्यात होतं, आणि 'लाज' सोडून बाकी सगळ्या शब्दांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. मावशीने त्या लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि पत्र फाडून टाकलं.

मग एक फोन आला. मीच उचलला. थरथरत्या आवाजाचा माणूस होता, त्याला मावशीशी बोलायचं होतं. तिने रिसीव्हर घेतला. आवाज इतका मोठा होता की मला टेबलापलीकडून ऐकू येत होतं.

"मी खिडकीजवळच्या बाकावर बसायचो," तो म्हणाला. "मला सही करायची नव्हती. मी कितीदा बोलणार होतो तुझ्याशी. खरंच."

"सही कितवी तुमची?"

"सतरावी. का?"

"सोळा जणांनी केली म्हणून केलीत, की तुमच्यानंतरच्या बावीस जणांना वाईट वाटू नये म्हणून?"

मग तो म्हणाला, "माफ कर."

"नाही," मावशी म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.

मला राहवलं नाही. पहिल्यांदाच कामाच्या वेळेत मी तिच्याशी भांडले. म्हटलं, "म्हातारा माणूस होता. रडत होता. एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"माझं काही बिघडलं नसतं," ती म्हणाली. "त्याचं सगळं सुधारलं असतं. तेवढंच मला नकोय. पुढे."

घरी आईला सांगितलं. मला वाटलं, ती मावशीलाच बोल लावेल. आई भाजी चिरत होती. म्हणाली, "तिने बरोबर केलं." मग थोड्या वेळाने, "पण बाबांचं काम गेलं ते पुस्तकात आलं का?" आलं नव्हतं. "मग," आई म्हणाली आणि चिरत राहिली.

तीन वर्षांनी मावशी निवृत्त झाली. निरोपाचं भाषण मालकांनी लिहून आणलं होतं. तिने ते वाचलं जाण्याआधी मागून घेतलं, तपासलं आणि परत दिलं.

त्यानंतरच्या वर्षी माझी मुलगी अकरा वर्षांची झाली. तिला व्याकरणशाळेत जायचं होतं. तिच्या दोन मैत्रिणी तिथे जाणार होत्या, शाळा चालत अंतरावर, आणि शिकवतात चांगलं हे तर कोणीच नाकारत नाही. मी मावशीला सांगायला गेले. तिने ऐकून घेतलं.

"शहरात दुसरी शाळा नाही?"

"आहेत. पण ही चांगली आहे."

"तू ते प्रूफ वाचलं होतंस. मोठ्याने."

"मावशी, ते तेव्हाचं. आता तसं नाही तिथे."

"मग घाल की. मला कशाला विचारतेस?"

मी घातलं. मावशी आमच्याकडे यायची बंद झाली. फोन केला तर दोन शब्दांत आटपायची, पुढेपुढे तेवढंही नाही. चार महिने. आई म्हणाली, "जाऊ दे, तिचा स्वभावच तसा." मला मात्र राग यायचा. मी काय सही केली होती कुठल्या ठरावावर? एकदा मावशी रस्त्यात दिसली तेव्हा मी मुद्दाम पलीकडे गेले, आणि त्याची मला नंतर इतकी शरम वाटली की दोन दिवस जेवण गेलं नाही.

सहामाहीत मुलीला व्याकरणात शंभरात एकतीस गुण पडले. ही बातमी आईने मावशीपर्यंत पोचवली असणार, मी नाही. रविवारी सकाळी दार वाजलं. मावशी उभी होती, हातात पेन्सिलींची जुनी डबी. माझ्याकडे पाहिलं नाही. चपला काढल्या, आत गेली, आणि जेवणाच्या टेबलापाशी बसलेल्या माझ्या मुलीची उत्तरपत्रिका उचलली.

"हे कोणी शिकवलं तुला?" तिने विचारलं.

"बाईंनी."

"चुकीचं शिकवलंय. उद्या जाऊन सांग तिला. हात वर करून, सगळ्यांसमोर." तिने खुर्ची पुढे ओढली. "आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचं नाही."